अण्णा वावरातून येते

१२ ऑक्टोबर १९८८, बुधवार

तात्पुरत्या नेमणुकीचा सहावा कागद आज हातात पडला. विद्यापीठाच्या या आदिलाबादच्या उपकेंद्रात मी लेखन शिकवतो त्याला पाच वर्षं झाली, पण कागदावर अजून 'पुढील आदेशापर्यंत' असंच असतं. हे दोन शब्द मी मोठ्यानं वाचून दाखवले. विनोदिनी म्हणाली, लग्नाच्या वेळी सांगितलं असतंत तर मीही पुढील आदेशापर्यंतच होकार दिला असता. बायकोला थट्टा सुचते, कारण तिची शाळेतली नोकरी कायम आहे.

तास चांगला झाला. फळ्यावर नेहमीची दोन वाक्यं लिहिली : 'जे पाहिलं तेच लिहा' आणि 'वाचणारा कोण, ते आधी ठरवा'. दुसरं वाक्य मुलांना कळत नाही. त्यांच्या मते वाचणारा म्हणजे मी आणि माझी लाल शाई.

आज एक निबंध मात्र हाती लागला. रुख्मिणी म्हणून एक मुलगी आहे, इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या एका गावाहून बसनं येते. वडील नाहीत. घरी आई आणि थोरला भाऊ डोमाजी. भावाला ती अण्णा म्हणते. तेलुगूच्या शेजारामुळे इकडे मराठी घरांतही थोरला भाऊ अण्णाच. विषय होता 'आमच्या घरची संध्याकाळ'. तिचं जसंच्या तसं उतरवतो, प्रबंधाला उपयोगी पडेल :

'दिवस बुडता अण्णा वावरातून येते. माय त्याले भाकर वाढते. अंधार पडाच्या आंधी तो वापस जाते. डुकराइची जागल हाय म्हणून जा लागते. माय एक भाकर जास्तीची बांधून देते, ते मोत्याची. मोत्या आमचा कुत्रा होय.'

सहा ओळींत सगळं घर उभं केलंय, पण शुद्धतेच्या नावानं आनंद. तासभर लाल शाई घेऊन बसलो. 'येते, जाते' हे इकडचं एकवचन थोरल्या भावाला शोभत नाही, म्हणून आदरार्थी 'येतात, जातात' केलं. 'वावर' कापलं. 'शेत' लिहिणार होतो, पण शेत हा तलाठ्याच्या दफ्तरातला शब्द वाटतो. आमच्या परभणीकडे शेताला रान म्हणतात, त्या शब्दाला चाल आहे. डुकरांसाठीची रात्रीची राखण आणि कुत्रा काढून टाकले. सगळंच सांगितलं की लेखन आळणी होतं, वाचणाऱ्याच्या मनात थोडा प्रश्न राहायला हवा. आता असं झालं :

'दिवस मावळता अण्णा रानातून येतात. आई त्यांना भाकरी वाढते. अंधार पडण्यापूर्वी ते परत जातात. आई बरोबर जास्तीची भाकरी बांधून देते.'

वाचून स्वतःवरच खूश झालो. रुख्मिणीनं वही उघडून वाचली. मग म्हणाली, "सर, मोत्या काऊन काहाडला?" मी तिला समजावून सांगितलं. पटलं नसावं, पण ती हो म्हणाली.

१७ ऑक्टोबर, सोमवार

भित्तिपत्रिका व्हरांड्यात लागली. रुख्मिणीनं सुधारलेला निबंध स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून दिला, खाली पूर्ण नाव आणि गाव. तिची मूळ वही मी ठेवून घेतली. माझ्या प्रबंधाचा विषय 'सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनातील अशुद्धे' असल्यामुळे अशा वह्या माझी दौलत आहेत. एकेका चुकीचं एकेक कार्ड करतो. बुटांच्या चार पेट्या भरल्या आहेत.

एका विद्यार्थ्यानं एक्क्याऐंशी साली इंद्रवेल्लीला पोलिसांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबाराबद्दल लिहिलं होतं. फार चांगलं लिहिलं होतं. ते मी लावलं नाही. इंद्रवेल्ली हे नाव असलेली एकही ओळ भिंतीवर जाऊ दिली नाही. विद्यार्थ्याचं नाव इथंही लिहीत नाही. विनोदिनी म्हणते भित्यापाठी ब्रह्मराक्षस. असेल. पण पुढील आदेश कोण काढतो हे तिला ठाऊक नाही. आमच्या संचालकांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, पण सहीचा हात त्यांचाच आहे.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज केंद्र उघडलं. भित्तिपत्रिकेतला रुख्मिणीचा निबंध जागेवर नाही. चार टाचण्या फलकाच्या कडेला नीट ओळीनं टोचून ठेवल्यात, म्हणजे वाऱ्यानं गेला नाही. कुणीतरी सांभाळून काढून नेला. पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्या वर्गातलं लेखन कुणाला इतकं आवडलं. तिला सांगावं म्हटलं, तर ती आज आली नव्हती.

२९ ऑक्टोबर, शनिवार

मुलाखतीचं पत्र आलं. कायम जागेसाठी, हैदराबादला, १४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा. पत्र तीन वेळा वाचलं. पाच वर्षांनी ताट वाढलंय. आता कुणी पाट ओढून नेऊ नये एवढंच.

रुख्मिणी अजून गैरहजर. कापूस वेचायला लागली असेल.

२ नोव्हेंबर, बुधवार

आज पोलिसांची जीप आली होती.

तास चालू असताना संचालकांनी बोलावलं. त्यांच्या खुर्चीवर एक अधिकारी बसले होते, संचालक उभे होते. टेबलावर रुख्मिणीचा निबंध होता, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. साहेबांनी विचारलं, ये लिखा सो सच है क्या? मी म्हणालो, सच है साब, मी मुलांना शिकवतोच की जे पाहिलं तेच लिहा. मला वाटलं, नक्कल केली का असं विचारताहेत. मग हाजिरीचं पुस्तक मागितलं, कागदावर असूनही तिच्या गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. एक तेलुगू बयान लिहून पुढं केलं. मला तेलुगू सावकाश वाचता येतं, पण साहेब पेन धरून उभे होते, त्यांना ताटकळत कसं ठेवायचं? सही केली.

दिवसभर विचार करतोय. इंद्रवेल्लीचं नाव तर कुठंच नव्हतं. मग भाकरीच्या चार ओळींत पोलिसांना काय दिसलं? विनोदिनीला सांगितलं नाही. जेवणही गेलं नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

माणिकरावांनी सांगितलं. माणिकराव आमचे हेडक्लार्क, याच भागातले, बोलतात थोडं आणि तेही फाईलकडे पाहून. आज मात्र माझ्याकडे पाहून बोलले. रुख्मिणीच्या भावाला, डोमाजीला, दसऱ्यानंतरच्या रविवारी वावरातून उचलून नेलं. बारा दिवस झाले, ठाण्यात आहे.

मी विचारलं, कशासाठी? ते म्हणाले, सर, जंगलातल्या बंदूकवाल्यांना इकडं लोक काय म्हणतात? मला माहीत होतं. कुणाला माहीत नाही? नक्षलवाद्यांना सगळा जिल्हा अन्नलु म्हणतो. अण्णा लोक. मला माहीत असून दिसलं नव्हतं. माणिकरावांनी तो निबंध पोलिसांनी कसा वाचला ते बोट फिरवून दाखवलं : अण्णा लोक जंगलातून येतात. आई त्यांना जेवू घालते. अंधार पडायच्या आत ते परत जातात. बरोबर जास्तीची भाकरी बांधून देते. ती कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.

"येकच समजत नाही मले," माणिकराव म्हणाले. "पोट्टी रान काऊन लिहिते? आमच्याकडं कोनीबी वावरच म्हनते. रान म्हनलं का जंगल."

मी म्हणालो, हल्लीची मुलं पुस्तकं वाचतात.

मुलीनं असा विषय असा लिहायलाच नको होता. सीमेवर राहणाऱ्यांना शब्दांची समज हवी.

६ नोव्हेंबर, रविवार

वरचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. खोडत नाही, कारण या डायरीत मी कधी खोडत नाही. पण आज चार वेळा उठून कपाट उघडलं. तिची वही आत आहे. निळ्या शाईत तिचं, लाल शाईत माझं. लाल अक्षर माझं आहे हे केंद्रात शेंबडं पोरही ओळखेल. उद्या झडती झाली तर काय? आठ दिवसांवर मुलाखत आहे. 'अण्णा रानातून येतात' हे वाक्य एका सरकारी अध्यापकानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, असं निघालं तर कायमची जागा सोडाच, मीच कायमचा आत.

फाटक वाजलं की उठून खिडकीशी जातो. आज दोनदा वाजलं. एकदा दूधवाला, एकदा शेजारच्या कुसुमबाई करंज्यांचा साचा मागायला.

८ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नानाचं पाणी मी तापवलं. बंबात आधी तिची वही घातली. मग इतर वह्या, कारण एकच नाहीशी झाली तर संशय येईल. मग कार्डं. कार्डांवरही 'वावर : रान, शेत' असं लिहिलेलं होतं. चारही पेट्या गेल्या. पाच वर्षांत गोळा केलेल्या चुका अर्ध्या तासात जळल्या. विनोदिनी पाटावर बसून म्हणाली, आज पाणी लवकर तापलं, एरवी तुम्हाला तासभर फुंकावं लागतं. मी तिच्या खांद्याला उटणं लावत राहिलो.

जाळल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तासभर वाटलंही.

१० नोव्हेंबर, पाडवा

रुख्मिणी आणि तिची आई जयवंताबाई घरी आल्या होत्या. सणाच्या दिवशी. विनोदिनीनं फराळ पुढं केला, त्यांनी बोट लावलं नाही. जयवंताबाई नऊवारी नेसलेल्या, काळ्यासावळ्या, उंच बाई. बसा म्हटलं तरी दाराशी खालीच बसल्या.

रुख्मिणी म्हणाली, ठाण्यातले साहेब वाईट नाहीत. तिनं त्यांना सांगितलं की मी असं लिहिलंच नव्हतं, मी वावर लिहिलं होतं, डुकरं लिहिली होती, कुत्रा लिहिला होता. ते म्हणाले, भिंतीवरचा कागद तुझ्या अक्षरात आहे आणि तुझ्या सरांनी खरं आहे म्हणून सही केली आहे. आधीचं दुसरं काही असेल तर दाखव.

"सर, माही वही द्या," ती म्हणाली. "त्याच्यात सारं निळ्या शाईत हाय. मोत्याबी हाय."

मी म्हणालो, वही हैदराबादला गेली, माझ्या मार्गदर्शकांकडे. एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. कधी येईल, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बघतो.

तेव्हा जयवंताबाई पहिल्यांदा बोलल्या. सोमवारी पहाटे डोमाजीला जंगलात नेणार आहेत, अण्णा लोकांची लपायची जागा दाखवायला. असं नेलेले किती जण परत आले ते या जिल्ह्यात कुणी विचारत नाही. "त्याले कोनती जागा मालूम हाय?" बाई म्हणाल्या. "त्याले आपल्या वावराचा धुरा-बांध मालूम हाय. तो डुकरं हाकलते, बाप्पा."

जाताना रुख्मिणी उंबऱ्यापाशी थांबली. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल. ती म्हणाली, सर, चूक माहीच हाय, मी उतरवून देतानी बोलाले पायजे होतं.

त्या गेल्यावर मोरीत जाऊन मी बंबाच्या राखेत हात घालून पाहिला. वेडेपणा आहे. काय मिळणार होतं?

१२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या संध्याकाळी मला बेल्लमपल्लीहून हैदराबादची गाडी धरायची आहे. बॅग भरलेली आहे. इस्त्रीचा सदरा वर ठेवलाय. सोमवारी पहाटे मी गाडीत असेन, तेव्हा ते डोमाजीला घेऊन निघतील.

दुपारी विनोदिनीनं कपाट उघडलं आणि विचारलं, तुमच्या पेट्या कुठं आहेत? मग सगळं बाहेर पडलं. वावर, रान, येते, येतात, सही, बंब. सांगताना मी रडलो. ती रागावली नाही याचीच जास्त भीती वाटली.

मग म्हणाली, तुमच्या डायरीत असेल की. तुम्ही भाजीत मीठ जास्त पडलं तरी लिहून ठेवता.

डायरी काढली. १२ ऑक्टोबरचं पान. आहे. जसंच्या तसं आहे. वावर आहे, डुकरं आहेत, मोत्या आहे. शिवाय मी काय बदललं आणि का बदललं, तेही फुशारकीनं लिहिलेलं आहे. बँकेनं वाटलेली, छापील तारखांची डायरी. पानांमागून पानं भरलेली. हे मागाहून लिहिलंय असं कुणी म्हणू शकणार नाही.

पहिला विचार आला, तेवढं पान फाडून नेऊ. पण सुटं पान म्हणजे पुन्हा भिंतीवरचा कागद. मागचंपुढचं असलं तरच ते खरं. म्हणजे सगळी वही द्यायची. खोटं बोललो ते, जाळलं ते, संचालकांचे ऱ्हस्व-दीर्घ, न लावलेला निबंध. त्या विद्यार्थ्याचं नाव मी लिहिलं नव्हतं. माझी भीती तेवढी एकदा कामाला आली. ही वही वाचल्यावर मला नोकरीवर कोण ठेवील? आणि पुरावा जाळणाऱ्याला पोलीस काय करतात, ते मला माहीत नाही.

विनोदिनी उठली. बॅगेतला इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावला. म्हणाली, जिथं जाल तिथं हाच घाला.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळचे सात. माणिकरावांकडे जाऊन आलो. साहेबांना ही वही ते तेलुगूत वाचून दाखवतील. सगळं ऐकल्यावर आतून टोपी घेऊन आले. एवढंच विचारलं, मुलाखतीचं काय? मी म्हटलं, पुढील आदेशापर्यंत. ते हसले नाहीत. नऊच्या बसनं पोलीस ठाण्याकडे निघतो आहोत.

भीती गेली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाच वर्षं मुलांना सांगत आलो की वाचणारा कोण ते आधी ठरवा, आणि स्वतः वर्षभर या वहीत वाचणारा कुणीच नाही असं समजून लिहीत राहिलो. आज पहिल्यांदा ठरवून लिहितो. वाचणारे तुम्ही आहात, साहेब.

२ नोव्हेंबरला मी ज्या बयानावर सही केली ते मी वाचलं नव्हतं. निबंध त्या मुलीच्या अक्षरात आहे, पण वाक्यं माझी आहेत. १२ ऑक्टोबरचं पान पाहा. रान मी लिहिलं. आमच्याकडे रान म्हणजे शेत. तिच्या गावात तो शब्द नाही. अनेकवचन दिसतं ते मी घातलेला आदर आहे. डुकरं मी काढली. जास्तीची भाकरी कुत्र्याची होती, तो कुत्रा मी काढला. तिची मूळ वही मी जाळली, भीतीनं, दुसरं कारण नाही. या वहीत मला लाज आणणारं पुष्कळ आहे. सकाळी लाल पेन हातात घेतलं होतं, एक अक्षरही खोडलेलं नाही.

तिचं वाक्य पुन्हा लिहून देतो, म्हणजे पानं उलटावी लागणार नाहीत. दिवस बुडता अण्णा वावरातून येते. हे अशुद्ध आहे म्हणून मी एक कार्ड केलं होतं. साहेब, 'येते' हे एकवचन आहे. अण्णा एकच आहे, त्याचं नाव डोमाजी. वाक्य बरोबर आहे.